उत्पन्नाच्या अटीतलं घर : अर्जाआधीचा हिशेब

कार्यक्रम संपला की आम्हाला जे फोन येतात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो : "ताई, ते सरकारी फ्लॅटचा फॉर्म कुठं मिळतो?" हा प्रश्न आपण थोडा मागं ठेवूया. फॉर्म मिळणं अवघड राहिलेलं नाही. तो मोबाईलवर आहे, सेवा केंद्रात आहे. त्याच्या आधीचे तीन प्रश्न अवघड आहेत. कोणत्या योजनेत आपण बसतो? आपलं उत्पन्न कागदावर किती आहे? आणि घर लागलंच, तर त्याचे पैसे आपण भरू शकू का? आजच्या बोलण्यात याच तीन प्रश्नांची उत्तरं आपण शोधणार आहोत. कागद-पेन्सिल घेऊन बसा. गटाच्या बैठकीत ऐकत असाल तर लिहिता हात असलेल्या एकीला पुढं बसवा.

आपण नगरपरिषदेत की ग्रामपंचायतीत?

आपलं घर कुठल्या हद्दीत आहे, तिथूनच सुरुवात होते. मलकापूर ही नगरपरिषद आहे, म्हणजे सरकारच्या लेखी ते शहर आहे. कितीही लहान असलं तरी शहरच. त्यामुळं मलकापूरच्या हद्दीत राहणाऱ्या बाईला प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग लागू होतो. बांबवडे, सरूड, आंबा, भेडसगाव इथली बाई ग्रामपंचायतीत येते, तिला ग्रामीण भाग लागू होतो. दोन्ही योजनांचं नाव जवळजवळ सारखं असल्यामुळं गोंधळ होतो. बाई नगरपरिषदेच्या पायऱ्या चढते, दिवसाची मजुरी बुडवते आणि "तुमचं इथं नाही" ऐकून परत येते.

ग्रामीण भागात फ्लॅट मिळत नाही, घर बांधायला मदत मिळते. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये हा केंद्राच्या योजनेचा मूळ आकडा. त्याशिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. यादी ग्रामसभेपुढं येते, म्हणून ग्रामसभेला जाणं हाच तिथला खरा अर्ज आहे. ज्यांचं नाव यादीत आहे पण जागाच नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तीत जागा घ्यायला १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मागासवर्गीय कुटुंबांसाठी रमाई, शबरी आणि यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. त्यांची चौकशी ग्रामसेवकाकडं किंवा पंचायत समितीत करा.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. महाराष्ट्रात मलकापूर एकच नाही. कराडजवळ एक आहे, बुलढाणा जिल्ह्यात एक आहे आणि शाहूवाडी तालुक्यातलं आपलं एक आहे. मोबाईलवर अर्ज भरताना आधी जिल्हा कोल्हापूर आहे ना ते बघा, मग मलकापूर निवडा. चुकीच्या मलकापुरात गेलेला अर्ज आपल्या नगरपरिषदेला दिसणारच नाही.

शहरातल्या घराच्या दोन वाटा

आता फ्लॅटकडं येऊ. उत्पन्नाची अट घालून मिळणारं शहरातलं घर आपल्यापर्यंत मुख्यतः दोन वाटांनी येतं.

पहिली वाट प्रधानमंत्री आवास योजना, शहरी. ही योजना २५ जून २०१५ ला सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. यात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' गटात येतं, ३ ते ६ लाखांचं 'अल्प उत्पन्न' गटात आणि ६ ते ९ लाखांचं 'मध्यम उत्पन्न' गटात. ३ लाखांच्या आतल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर घर बांधायचं असेल तर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्यानं मिळतात. प्रत्येक टप्प्याचं बांधकाम झालं की फोटो काढला जातो आणि मग पुढचा हप्ता येतो. ज्यांना जागा नाही, त्यांच्यासाठी भागीदारीतून बांधलेल्या इमारतीतला फ्लॅट आहे. तिथं हे अनुदान आपल्या हातात पडत नाही, ते घराच्या किमतीतून वजा होतं. घर ३० ते ४५ चौरस मीटर चटईक्षेत्राचं, म्हणजे सुमारे सव्वातीनशे ते पावणेपाचशे चौरस फुटांचं असतं. असे फ्लॅट प्रत्येक गावात बांधले जातातच असं नाही. आपल्या जवळ कुठं प्रकल्प आहे, हे नगरपरिषदेच्या घरकुल विभागात विचारावं लागतं.

या योजनेत आणखी एक भाग आहे. तो ज्यांना बँकेचं कर्ज काढून घर घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळतं. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार असून पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतं.

दुसरी वाट म्हाडाची. म्हाडा, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, १९७७ साली स्थापन झालं. आपला कोल्हापूर जिल्हा त्याच्या पुणे मंडळाखाली येतो. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या घरांची सोडत हे मंडळ काढतं. सोडत म्हणजे चिठ्ठ्या काढणं, फक्त चिठ्ठ्या संगणक काढतो. पुणे, पिंपरी-चिंचवड अशा मोठ्या शहरांत खासगी बिल्डरनं मोठ्या जागेवर इमारती बांधल्या तर २० टक्के घरं लहान उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवावी लागतात. तीही याच सोडतीत येतात.

म्हाडाची उत्पन्नाची मर्यादा आपण कुठं राहतो यावर ठरत नाही, घर कुठं आहे यावर ठरते. २०२२ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणं मुंबई, पुणे, नागपूर या महानगर भागांत आणि १० लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांत अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख, अल्प गटाची ९ लाख आणि मध्यम गटाची १२ लाख आहे. उरलेल्या महाराष्ट्रात, म्हणजे कोल्हापुरातल्या घरासाठीही, हेच आकडे साडेचार लाख, साडेसात लाख आणि १२ लाख आहेत. अत्यल्प गटातल्या बाईला आपल्या गटात आणि एक पायरी वरच्या अल्प गटातही अर्ज करता येतो. खालच्या पायरीवर मात्र उतरता येत नाही. म्हाडाच्या सोडतीतली काही घरं प्रधानमंत्री आवास योजनेतली असतात, त्यांना त्या योजनेची मर्यादा लागते. म्हणून जाहिरातीत प्रत्येक घराच्या ओळीपुढं लिहिलेला आकडा वाचायचाच.

घर नसण्याची अट कुठं कशी लागते

गटातल्या एका बाईंनी विचारलं होतं, "सासऱ्यांच्या नावावर गावात घर आहे. मग मला चालंल का न्हाई?" उत्तर वाटेप्रमाणं बदलतं.

प्रधानमंत्री आवास योजनेत नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं-मुली एवढंच कुटुंब धरलं जातं. या कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं लागतं. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर ते आपल्या कुटुंबाचं धरलं जात नाही. पण सासरे गेल्यावर वारस म्हणून नवऱ्याचं नाव लागलं असेल, तर परिस्थिती बदलते. म्हणून ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा आणि मालकाच्या रकान्यात आज कुणाचं नाव आहे ते डोळ्यांनी बघा. सांगोवांगीवर जाऊ नका. गेल्या २० वर्षांत कुटुंबानं दुसऱ्या कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल, तरीही इथं बसता येत नाही.

म्हाडाच्या सोडतीत अट निराळी आहे. ज्या शहरात घर घ्यायचं, त्या शहराच्या हद्दीत अर्जदाराच्या, तिच्या नवऱ्याच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नसावं. म्हणजे शाहूवाडीच्या खेड्यात नवऱ्याच्या नावावर पक्कं घर आहे, आणि तो गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाला असल्यानं कोल्हापुरात भाड्यानं राहावं लागतं, तर कोल्हापुरातल्या म्हाडाच्या साध्या सोडतीत अर्ज करता येतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या फ्लॅटला तोच अर्ज बाद होतो. एकच कुटुंब एका दारात पात्र आणि दुसऱ्या दारात अपात्र. आपण कोणत्या दारात उभ्या आहोत, हे माहीत असलं की निम्मी धावपळ वाचते.

उत्पन्न म्हणजे नेमकं कुणाचं?

म्हाडाच्या सोडतीत अर्जदार आणि तिचा नवरा, या दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न धरतात. सासू-सासरे, दीर, मोठा मुलगा यांचं धरत नाहीत. वर्ष म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च.

एक हिशेब करून बघू. समजा नवऱ्याला कारखान्यात महिन्याला १५ हजार मिळतात. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. बायको शिवणकाम करते आणि दोन म्हशींचं दूध डेअरीला घालते. पेंड, वैरण, औषध यांचा खर्च वजा जाता तिच्या हातात महिन्याला ६ हजार उरतात. वर्षाचे ७२ हजार. दोन्ही मिळून २ लाख ५२ हजार. हे कुटुंब म्हाडाच्या अत्यल्प गटातही बसतं आणि प्रधानमंत्री आवास योजनेच्या ३ लाखांतही बसतं.

आपल्यापैकी पुष्कळ जणी आपली कमाई सांगतच नाहीत. "मी काय, घरीच असते," असं म्हणतात. दूध घालणारी, शिवणारी, भांगलणीला जाणारी बाई घरी नसते, ती कामावर असते. तिची कमाई कागदावर आली तर पुढं बँक कर्ज देताना तीच धरते. लपवली तर अर्ज सोपा होतो असं वाटतं, पण कर्जाच्या वेळी तीच लपवलेली कमाई दाखवता येत नाही.

दुसरी गोष्ट. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती. तिथं एक आकडा आणि घराच्या अर्जात दुसराच आकडा, असं करू नका. आता आधार, पॅन आणि बँकखातं एकमेकांना जोडलेलं असतं. खोट्या दाखल्यावर लागलेलं घर नंतरही रद्द होऊ शकतं, आणि तोवर भरलेल्या पैशांमागं आपणच हेलपाटे घालत बसतो.

कागद आधी, अर्ज मागून

पूर्वी म्हाडाची सोडत आधी निघायची आणि कागद नंतर तपासले जायचे. जानेवारी २०२३ पासून पद्धत बदलली. आता कागद अर्जाच्या वेळीच द्यायचे, पात्रता आधी ठरते आणि मग सोडत निघते. जाहिरात आल्यावर दाखल्यामागं पळणाऱ्या बाईची मुदत निघून जाते. म्हणून पुढचे कागद आजपासूनच एका पिशवीत जमवा.

आधार कार्ड, आणि त्याला आपलाच चालू मोबाईल जोडलेला. नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असेल तर ओटीपी त्यांच्याकडं जातो, आणि आपला अर्ज त्यांच्या सवडीवर राहतो.

पॅन कार्ड. विवाहित असाल तर नवऱ्याचं आधार आणि पॅनही लागतं.

अधिवास दाखला. तो २०१८ नंतर काढलेला, बारकोड असलेला लागतो. जुना दाखला ट्रंकेत असला तरी नवा काढून घ्या.

उत्पन्नाचा पुरावा. आयकर विवरण भरत असाल तर त्याची पोच, नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

जातीच्या किंवा इतर आरक्षणातून अर्ज करायचा असेल तर त्याचं प्रमाणपत्र. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के, अनुसूचित जमातींना ६ टक्के, भटक्या जमाती आणि विमुक्त जाती यांना प्रत्येकी दीड टक्का घरं राखीव असतात. दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार अशा आणखीही वर्गवाऱ्या आहेत.

आणि बँकेत स्वतःच्या नावाचं खातं. घर लागलं नाही तर अनामत रक्कम त्याच खात्यावर परत येते.

उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सेतूत मिळतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. त्यात प्रत्येक दाखल्याला दिवसांची मुदत ठरवून दिलेली आहे. अर्ज दिला की तारीख आणि क्रमांक असलेली पोच मागून घ्या. मुदत उलटली तर त्या पोचीवर अपील करता येतं. पोच नसेल तर आपण फक्त "आलेवं मागल्या आठवड्यात" एवढंच म्हणू शकतो, आणि त्याला कुणी विचारत नाही.

आता बायकांच्याच वाट्याला येणारी अडचण : नाव. आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. संगणकाला यातली बाई एकच आहे हे कळत नाही. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आधी तो काढा आणि त्याच्या आधारे सगळीकडं एकच नाव करून घ्या. यात महिना-दोन महिने जातात, पण हे काम एकदाच करायचं असतं. निपाणी, चिकोडी, बेळगावकडून लग्न होऊन आलेल्या बहिणींनी अधिवासासाठी तहसील कार्यालयात आधीच चौकशी करावी. जाताना नवऱ्याचा अधिवास दाखला आणि विवाह नोंदणी बरोबर न्यावी.

ज्या बहिणीला नवऱ्यानं टाकलंय पण फारकत कागदावर झालेली नाही, तिची अडचण सगळ्यात मोठी. अर्ज नवऱ्याचे कागद मागतो आणि नवरा दारात उभं करत नाही. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा चालतो. नसेल तर वकील लागतो, आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून ती गप्प बसते. तिला सांगा की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं साध्या कागदावर अर्ज द्यायचा.

खालची मर्यादा आपणच पाहायची

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातही कमी उत्पन्नाच्या लोकांना सोडतीनं घरं देतात. तिथल्या जाहिरातीत प्रत्येक घरापुढं दोन आकडे असतात. उत्पन्न यापेक्षा जास्त नको, आणि यापेक्षा कमीही नको. कारण घर मिळालं आणि दर महिन्याचं भाडं भरता आलं नाही, तर ते घर टिकत नाही. आपल्याकडच्या जाहिरातीत वरचा आकडाच ठळक असतो. खालचा आकडा आपल्याला स्वयंपाकघरात बसून काढावा लागतो.

मघाचंच कुटुंब घेऊ. समजा फ्लॅटची किंमत १२ लाख आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचे अडीच लाख वजा झाले, राहिले साडेनऊ लाख. घरचे जमवलेले दीड लाख घातले, कर्ज राहिलं ८ लाख. नऊ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता येतो साधारण ७ हजार २०० रुपये. दोघांची मिळकत महिन्याला २१ हजार. म्हणजे तीन रुपयांतला एक रुपया वीस वर्षं हप्त्याला जाणार. कोल्हापुरात आत्ता ४ हजार भाडं जात असेल, तर ते वाचेल, आणि वरचे ३ हजार २०० नवे काढावे लागतील. त्यात इमारतीच्या देखभालीचा मासिक खर्च, पाण्याचं बिल, घरपट्टी मिळवा. म्हैस आटली, कारखान्याला सुट्टी पडली, घरात आजारपण आलं, तर दोन-तीन महिने हप्ता कुठून भरायचा, हेही त्याच कागदावर लिहा.

हिशेब बसत नसेल तर ते घर आपल्यासाठी नाही असं नव्हे. ते आत्ता नाही, एवढंच. दोन वर्षं बचत वाढवली तर कर्ज कमी होईल. किंवा लहान शहरातलं, कमी किमतीचं घर बघता येईल.

बँक आणखी एक गोष्ट बघते. आपल्या डोक्यावर आधीचं काय कर्ज आहे? मायक्रोफायनान्सचे आठवड्याचे हप्ते, सोन्यावरचं कर्ज, मोबाईलवरून घेतलेलं झटपट कर्ज, कुणाला राहिलेलो जामीन, सगळं सिबिलमध्ये दिसतं. आपला हा अहवाल वर्षातून एकदा फुकट बघता येतो. अर्जाच्या आधी तो काढून घ्या. थकलेला हप्ता असेल तर आधी तो भरा. घराची अनामत भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचं चढ्या व्याजाचं कर्ज मात्र काढू नका.

नाव कुणाचं?

प्रधानमंत्री आवास योजनेत घर घरातल्या कर्त्या बाईच्या नावावर, किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं लागतं. घरात सज्ञान बाई नसेल तरच एकट्या पुरुषाच्या नावावर चालतं. विधवा, एकट्या राहणाऱ्या बायका, दिव्यांग आणि ज्येष्ठ यांना प्राधान्य आहे. अंगणवाडीताई, बांधकाम मजूर, फेरीवाल्या बहिणी यांच्याकडंही खास लक्ष द्यायचं ठरलेलं आहे. आपण यात असाल तर त्याचा दाखला अर्जाला जोडा.

घर विकत घेताना दस्त फक्त बाईच्या नावावर झाला, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. ही सूट १ एप्रिल २०२१ पासून आहे. १२ लाखांच्या घरावर ते १२ हजार रुपये होतात. दस्तात नवऱ्याचंही नाव असेल तर ही सूट मिळत नाही. एकटीचं नाव लावायचं की दोघांचं, हे घरात मोकळेपणानं बोलून ठरवा. पण एक लक्षात ठेवा. आपल्या नावावर घर म्हणजे आपल्या नावावर कर्जही. "तू नुसती सही कर" असं म्हटलं की कागद घरी आणायचा, शिकलेल्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा आणि मगच सही करायची.

म्हाडाचं घर पाच वर्षं विकता येत नाही. कुणी म्हणालं, "तुझ्या नावावर अर्ज कर, पैसे मी घालतो, घर माझं," तर त्याला दारातूनच परत पाठवा. पुढं काही झालं तर कागदावर नाव आपलं असतं, आणि जबाबदारीही.

दलाल, आणि घर लागल्यावर

म्हाडा आपल्या प्रत्येक जाहिरातीत सांगते की त्यांनी कुणीही दलाल किंवा एजंट नेमलेला नाही. सोडत संगणक काढतो, त्यात कुणाची ओळख चालत नाही. "साहेबांना द्यायचेत, पन्नास हजार दे, नंबर लावून देतो," असं म्हणणारा माणूस लबाड असतो. त्याची युक्ती साधी आहे. तो पन्नास जणींकडून पैसे घेतो. त्यांतल्या एखादीला सोडतीत आपोआप घर लागतं, आणि ते आपणच लावलं असं तो गावभर सांगतो. बाकीच्यांना "पुढच्या वेळी" म्हणतो. पैसे नेहमी अधिकृत संकेतस्थळावरूनच भरायचे, रोख कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, आणि पावती जपून ठेवायची. सेवा केंद्रात अर्ज भरून घेतला तर ठरलेल्या दरापुरतेच पैसे द्या. पासवर्ड आणि ओटीपी तिथं कागदावर लिहून ठेवू नका.

घर लागलं तर देकारपत्र येतं. त्यावर किती रक्कम किती दिवसांत भरायची ते लिहिलेलं असतं. ते पत्र आलं की पहिल्याच आठवड्यात बँकेत जा. कर्ज मंजूर व्हायला दिवस लागतात, आणि मुदत आपल्यासाठी थांबत नाही. घर लागलं नाही तर निराश होऊ नका. कागद तयार आहेत, ते पुढच्या सोडतीला उपयोगी पडतात. काही घरं सोडतीशिवाय 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या पद्धतीनंही मिळतात. ज्या बाईची पिशवी तयार आहे, तिलाच त्यात धाव घेता येते.

जाता जाता आपल्या तालुक्याच्या जवळचं एक. आपल्याकडच्या पुष्कळ घरांतला आजा, सासरा किंवा बाप मुंबईच्या कापड गिरणीत होता. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना मुंबईत म्हाडाची वेगळी घरं आहेत, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. ज्यांनी पूर्वी फॉर्म भरला होता, त्यांच्या पात्रतेची तपासणी सप्टेंबर २०२३ पासून सुरू झाली. माळ्यावरच्या ट्रंकेत फॉर्मची पोच, गिरणीचं तिकीट, ईएसआयचं किंवा प्रॉव्हिडंट फंडाचं कार्ड आहे का, ते बघा. तसले कागद पावसाळ्यात भिजण्याआधी त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा.

पुढच्या बैठकीत गटानं एक करावं. प्रत्येकीनं आपली पिशवी आणायची. एकीनं यादी वाचायची आणि जिचा जो कागद नाही, त्याच्यापुढं खूण करायची. ज्या दोघी-तिघींना एकाच दाखल्यासाठी तहसीलला जायचंय, त्यांनी एकाच दिवशी एकत्र जायचं. एसटीचं भाडं प्रत्येकीचं वेगळंच लागेल, पण खिडकीपाशी एकटीला जे उत्तर मिळतं आणि तिघींना जे मिळतं, त्यात फरक असतो. हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.